कोबी सगळ्यात शेवटी

कोबी वाजवीपेक्षा जास्त शिजला की त्या घरात थांबू नये. कोबीत गंधकाची द्रव्यं असतात. पहिली काही मिनिटं ती गप्प बसतात, मग उष्णतेने फुटत जातात आणि पातेल्यातून नासक्या अंड्याच्या कुळीतला वास यायला लागतो. जितकं उकळाल तितका तो वाढतो. आम्ही राहतो ते बॉस्टनच्या डॉर्चेस्टर भागातलं घर तीन मजली, लाकडी. मजल्यावर एकेक बिऱ्हाड आणि मागून सगळ्यांचा मिळून एक जिना. या शहरात अशी घरं हजारोंनी आहेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कामगारांच्या कुटुंबांसाठी बांधलेली. अशा घरात कुणी काय रांधलं ते लपत नाही. आमचे बोंबील त्यांना कळतात, त्यांचा कोबी आम्हाला.

तळमजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक आयरिश-अमेरिकन आजी राहतात. १७ मार्चला, सेंट पॅट्रिकच्या सणाला, कॉर्न्ड बीफ आणि कोबी कसा करायचा ते मला त्यांनी शिकवलं. शिकवताना शेवटच्या पायरीचा नियम सगळ्यात आधी सांगितला: कोबी शेवटी, वीस मिनिटं, त्यावर एक मिनिटही नाही. त्यांची आई चर्चमध्ये सकाळच्या मिस्साला जाण्याआधी मांस, बटाटे, गाजरं, सलगम, कोबी असं सगळं एकदमच पातेल्यात लोटून जायची. परत येईपर्यंत कोबीचा लगदा झालेला असायचा आणि वास तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेला. "आईवर माझा फार जीव होता," आजी म्हणाल्या, "पण तिचा कोबी मी देवाला अर्पण करून गिळायचे." हे वाक्य मला समजावून सांगावं लागलं नाही. वसईत आम्हाला कार्ल्याच्या भाजीवर हेच ऐकवलं जायचं.

पदार्थ तसा अगदी साधा. गाईच्या छातीचं मांस, मुंबईचा खाटीक ज्याला सीना म्हणतो ते, आठवडाभर मिठाच्या पाण्यात मुरवायचं आणि मग तीन-साडेतीन तास मंद आचेवर शिजवायचं. त्याच पाण्यात भाज्या. फोडणी नाही, कांदा परतणं नाही, तेलाचा थेंब नाही. ताटात येतात त्या मांसाच्या कापा, बटाटा, गाजर, कोबीची एक फोड आणि कडेला झणझणीत मस्टर्ड. वाचणाऱ्यांपैकी पुष्कळजण हे मांस खात नाहीत, याची मला कल्पना आहे. मी वसईच्या कॅथलिक घरात वाढले, आमच्या ताटात ते असायचं. ज्यांच्या नसतं त्यांनी नुसतं वाचावं. खाण्याविषयी वाचायला दात लागत नाहीत.

मार्च लागला की इथल्या मोठ्या दुकानांत हे खारवलेलं मांस पाण्याच्या भावाने विकतात. गिऱ्हाईक आत यावं म्हणून दुकानदार त्यावरचा नफा सोडतो आणि बाकीच्या सामानावर वसूल करतो. प्लास्टिकच्या पाकिटात मांस, त्याचं खारं पाणी आणि मसाल्याची चिमुकली पुडी. ती पुडी ताटलीत ओतून पाहा एकदा: धणे, मोहरी, मिरे, तमालपत्रासारखं एक पान, लवंगेचा तुकडा, सुक्या मिरचीचे दोन कण. आमच्या बाटलीच्या मसाल्याचं, म्हणजे बाटल्यांत भरून ठेवायच्या घरगुती मसाल्याचं, अर्धंअधिक सामान, फक्त भाजायचं आणि कुटायचं राहून गेलेलं.

बॉस्टनच्या दुकानात एक गोष्ट मात्र अमेरिकेत इतरत्र सहसा दिसत नाही. इथे हे मांस दोन रंगांत मिळतं, लाल आणि राखाडी. लाल सगळीकडे असतं. राखाडी हे न्यू इंग्लंडचं, म्हणजे बॉस्टनच्या आसपासच्या राज्यांचं, खास. आजींच्या लेखी लाल मांस म्हणजे न्यूयॉर्कवाल्यांचं थेर. फरक आहे तो नायट्राइटचा. मिठाच्या पाण्यात चिमूटभर नायट्राइट घातलं की ते मांसातल्या रंगद्रव्याला धरून ठेवतं आणि तीन तास शिजवूनही कापा गुलाबी राहतात. त्याने एक विशिष्ट चवही येते, हॅमची असते तशी, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंनाही आळा बसतो. नुसत्या मिठात मुरवलेलं मांस शिजल्यावर राखाडी होतं, कुठल्याही उकडलेल्या मांसासारखं. दिसायला अगदीच उदास. पण चव जास्त सरळ, मिठाची आणि मांसाची. मला दोन्ही आवडतात, पण हे तळमजल्यावर बोलायची सोय नाही.

राखाडी मांस घरी करायला सोपं आहे, म्हणून आजी पाकिटाच्या नादी लागत नाहीत. दोन-सव्वादोन किलोचा तुकडा घ्यायचा, चरबीचा पातळ थर राहू द्यायचा. चार लिटर पाण्यात साधारण ४०० ग्रॅम जाडं मीठ आणि मूठभर ब्राउन शुगर उकळून विरघळवायची. मी गूळ घालते, चालतो. मिरे, धणे, मोहरी, दोन पानं, लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या. पाणी पूर्ण गार झाल्याशिवाय मांस त्यात सोडायचं नाही. मग वर ताटली दडपून भांडं फ्रीजमध्ये, पाच ते सात दिवस. रोज एकदा तुकडा उलटायचा. नायट्राइट नसल्यामुळे फ्रीज चार अंशांच्या खाली हवाच, यात ढिलाई नको. दोन-तीन दिवसांत मांस घट्ट होतं, बोटाने दाबलं तर रबरासारखं परत येतं. मीठ आत शिरतं तसं प्रथिनांची ठेवण बदलते आणि मांस आपलं पाणी जास्त चांगलं धरून ठेवायला लागतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मिठाविषयी मला वेगळं सांगावं लागत नाही. वसई-भाईंदरकडे लहानपण गेलेल्या माणसाला मिठागरं आणि त्यांच्या कडेला रचलेले पांढरे ढीग माहीत असतात, आणि बारीक मीठ हे शहरी लोकांसाठी असतं हेही माहीत असतं. माझी एक मावशी लग्न होऊन वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या जुन्या कॅथलिक समाजातल्या, घरात गेली. नाताळच्या आधी ती मिठातली जीभ करायची. बैलाची आख्खी जीभ काट्याने सगळीकडून टोचायची, खडेमीठ, गूळ, लिंबाचा रस आणि चिमूटभर सोरा चोळायचा, मिरे-लवंगा टाकून चिनी मातीच्या बरणीत ठेवायची आणि वर ताटली ठेवून त्यावर वरवंटा. आठवडाभराने उकडून वरची जाड साल सोलली की आत लालगुलाबी, मऊ मांस. पावाला लोणी, त्यावर पातळ काप. २०१५ पासून महाराष्ट्रात बैलाच्या मांसालाही कायद्याने बंदी आली, तेव्हा मावशीच्या बरणीत आता म्हशीची जीभ असते. ती म्हणते काही फरक पडत नाही. तिचे यजमान म्हणतात पडतो.

त्या सोऱ्याची गंमत मला इथे येऊन कळली. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. मांसातले जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढचं काम ते नायट्राइट करतं. आता कारखान्यात थेट नायट्राइटच वापरतात, पूर्वी सगळा भार सोऱ्यावर होता. आणि सतराव्या-अठराव्या शतकात युरोपला सोरा पुरवणारा सगळ्यात मोठा प्रदेश होता बिहार. तिथले नोनिया लोक खारपड माती खरवडून, धुऊन, आटवून तो काढायचे, पाटण्याहून तो गंगेने खाली यायचा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनला जायचा. मुख्य गिऱ्हाईक अर्थातच बंदुकीची दारू. उरलेल्यातून चिमूट-चिमूट कुठल्या कुठल्या बरण्यांत पडत असेल.

आता मूळ भांडणाकडे येते. दर मार्चमध्ये वर्तमानपत्रांत आणि फोनवर एक शहाणपण फिरतं: खरे आयरिश लोक कॉर्न्ड बीफ खातच नाहीत, हे सगळं अमेरिकन खूळ आहे. आमच्या ऑफिसात आयर्लंडच्या कॉर्क शहरातून आलेला एकजण आहे. सणाच्या दिवशी कँटीनमध्ये हे ताट दिसलं की तो न चुकता सांगतो, "आमच्या घरी हे कधीच नसतं. आई बेकन आणि कोबी करते, वर पार्सलीचा पांढरा सॉस." बोलणं खरंच आहे. आयर्लंडमध्ये डुकराचं खारवलेलं मांस आणि कोबी हेच घरचं जेवण. आणि हे सांगताना त्याच्या आवाजात ती बारीक धार असते, पुण्याहून आलेला पाहुणा परदेशातल्या श्रीखंडाला 'ठीक आहे' म्हणतो तशी.

पण हे त्याने, कॉर्कच्या माणसाने, सांगावं याला काय म्हणावं? जगातल्या खारवलेल्या गोमांसाची राजधानी दीडशे वर्षं कॉर्कच होतं. १६६३ आणि १६६७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदे करून आयर्लंडची जिवंत गुरं इंग्लंडमध्ये आणायला मनाई केली, कारण त्या स्वस्त गुरांमुळे तिथल्या जमीनदारांचे भाव पडत होते. गुरं जिवंत जाऊ शकत नाहीत, तर कापून, खारवून, पिंपात भरून जातील. आयर्लंडमध्ये मिठावरचा कर इंग्लंडच्या मानाने कितीतरी कमी होता. शिरोडा आणि वडाळ्याचे मिठाचे सत्याग्रह माहीत असलेल्या वाचकाला मिठाच्या कराने काय काय ठरतं ते वेगळं सांगायला नको. मीठही चांगलं, पोर्तुगालच्या सेतुबालहून येणारं जाडं, स्वच्छ मीठ. त्यात कॉर्कचं बंदर म्हणजे अटलांटिकमध्ये शिरण्याआधी जहाजांना पाणी आणि शिधा भरायला देवाने दिलेली जागा. ब्रिटिश आरमार तिथून पिंपं उचलायचं, कॅरिबियन बेटांवरचे उसाचे मळेवाले उचलायचे. मांसाच्या प्रती लावलेल्या असायच्या. उत्तम प्रत गोऱ्यांच्या टेबलासाठी आणि अगदी कनिष्ठ फ्रेंच बेटांवरच्या गुलामांसाठी.

या सगळ्या वर्गवारीत एकच गिऱ्हाईक कुठे नव्हतं: ते मांस खारवणारा आयरिश मजूर आणि ते गुरू पाळणारा आयरिश कुळवाडी. चांगली जमीन कुरणांखाली गेली होती. उरलेल्या तुकड्यात घरदार जगवायचं तर बटाट्याला पर्याय नव्हता, कारण कमी जागेत पोट भरेल एवढं दुसरं काही पिकत नव्हतं. गाय असलीच तर दुधालोण्यासाठी, आणि लोणीसुद्धा जमिनीचा खंड भरायला बाजारात. नशीब असेल तर एक डुक्कर. मग १८४५ साली बटाट्यावर करपा आला. आपल्याकडे नाशिक-पुण्याच्या शेतकऱ्याला माहीत असलेला तोच करपा. पुढच्या सहा-सात वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि तापाने मेली, तेवढीच देश सोडून गेली, आणि त्या काळातही बंदरांतून धान्य, लोणी, गुरं इंग्लंडकडे जातच होती. मदतीचा हात आखडता ठेवणारा लंडनच्या तिजोरीचा अधिकारी चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. हे वाचताना मला १८७६-७७ चा दख्खनचा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथे सरकारने पाठवलेला अधिकारी रिचर्ड टेंपल दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी पौंडभर धान्य पुरेल असं ठरवत होता, आणि त्याविरुद्ध पुण्याची सार्वजनिक सभा अर्जांवर अर्ज करत होती. माणसं वेगळी, शाळा एकच.

एकट्या १८४७ साली बॉस्टनमध्ये ३७ हजारांच्या आसपास आयरिश उतरले, तेव्हा शहराची वस्तीच सव्वा लाखाच्या आत होती. इथे त्यांना काय दिसलं? मांस. स्वस्त. रोजंदारीवर राबणाऱ्यालाही आठवड्यातून एखाद्या दिवशी परवडेल असं. न्यू इंग्लंडच्या जुन्या यांकी, म्हणजे इंग्रज वंशाच्या, घरांत खारवलेलं मांस आणि भाज्या एकत्र उकडायची पद्धत आधीपासून होतीच, आणि त्या घरांच्या स्वयंपाकघरात आता आयरिश मुली कामाला होत्या. तळमजल्यावरच्या आजींची आजी आयर्लंडच्या गॉलवेहून १९०० च्या सुमारास आली ती अशाच एका श्रीमंत घरी स्वयंपाकीण म्हणून. मालकिणीच्या चुलीवर शिकलेलं जेवण तिने आपल्या चुलीवर नेलं. न्यूयॉर्कमध्ये वाट निराळी. तिथे पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंची खाटकांची दुकानं होती. धर्माच्या नियमाप्रमाणे जनावराच्या मागच्या भागातली एक मोठी शीर काढावी लागते, ते किचकट काम, म्हणून ही दुकानं पुढच्या भागावर चालायची, आणि पुढच्या भागात छातीचं मांस आलं. बेकन तिथे मिळणं शक्यच नव्हतं. शेजारच्या गल्लीतला आयरिश हेच घेऊन घरी गेला. कोबी कुठेही स्वस्तच होता.

तेव्हा 'खरे आयरिश हे खात नाहीत' म्हणणाऱ्याला माझं उत्तर असं की खायला मिळत नव्हतं, हेच तर त्यातलं आयरिशपण. पणजोबांनी पिंपात भरून जहाजावर चढवलेली वस्तू पणतू सणाच्या दिवशी स्वतःच्या टेबलावर ठेवतो, याहून सणाला साजेसं काय असणार? घरी जे रांधत होते तेच परक्या देशात हुबेहूब रांधणं म्हणजे अस्सल, हा हिशेब ज्यांनी पोट भरलेलं असताना घर सोडलं त्यांचा. माझाही त्यातच समावेश होतो. मी विमानातून आले, बाटलीचा मसाला बॅगेत घेऊन. माझ्या आठवणीत भूक नाही, म्हणून मला अस्सलपणाचे चोचले परवडतात.

हे सगळं मी त्या कॉर्कवाल्याला इतक्या लांबलचक ऐकवलं नाही. फक्त विचारलं, "मग नाताळात तुमच्याकडे तो काळा मसाला लावलेला गोमांसाचा गोळा असतो, त्याचं काय?" कॉर्कला इंग्लिश मार्केट म्हणून १७८८ पासूनची मंडई आहे, तिथे डिसेंबरात स्पाइस्ड बीफ विकायला असतं: मीठ, सोरा, साखर, लवंग, मिरे, ऑलस्पाइस यांत आठवडे मुरवलेलं मांस, बाहेरून मसाल्याने काळंभोर. तो जरा थांबला. "ते वेगळं," म्हणाला, "ते नाताळचं." मग पंधरा मिनिटं त्याच्या आईच्या स्पाइस्ड बीफवर बोलत राहिला. मी त्याला मावशीच्या जिभेविषयी सांगितलं. सोरा तुमच्याकडे कुठे मिळतो यावर आमची बराच वेळ चर्चा झाली, आणि शेजारच्या टेबलावरच्यांनी आमच्याकडे संशयाने पाहिलं.

सणात एक धार्मिक अडचण आहे ती सांगितली पाहिजे. १७ मार्च नेहमी ईस्टरआधीच्या उपवासकाळात येतो, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस वर्ज्य. आता हा सण शुक्रवारीच आला तर? २०१७ मध्ये आला, २०२३ मध्येही आला. दोन्ही वेळा अमेरिकेतल्या बऱ्याच बिशपांनी त्या दिवसापुरती सूट दिली. काहींनी वर घातली अट, की दुसऱ्या कुठल्या दिवशी मांस सोडा किंवा काही सत्कृत्य करा. आजींनी तेव्हाही बिशपांनी सांगितलेलं ऐकलं, पण बदल्यात सोडलं ते मांस नाही, चॉकलेट. वसईत हा प्रश्न एवढा पेटत नाही. शुक्रवारी मांस बंद, मासे चालतात, आणि बोंबील-कोळंबीच्या मुलखात ती काही कुणाला शिक्षा वाटत नाही. बॉस्टनला मात्र या तारखेला आणखी एक कुमक आहे. १७ मार्च १७७६ रोजी ब्रिटिश फौजा हे शहर सोडून गेल्या, म्हणून इथल्या सफक काउंटीत त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. आयरिश वस्तीला आपल्या संताच्या दिवशी, वर इंग्रज गेल्याच्या आनंदात, रजा मिळावी हा योगायोग कुणी जुळवून आणला असेल ते सांगायला इतिहासकार नको.

आता पातेल्याकडे. मुरवलेला तुकडा गार पाण्याने नीट धुवायचा, मोठ्या पातेल्यात ठेवून बुडेल इतकं नवं पाणी घालायचं. एक उकळी आली की वर येणारा करडा फेस काढून टाकायचा, आणि पाणी चाखायचं. फारच खारट लागलं तर ओतून पुन्हा नवं घ्यायचं. यानंतर आच इतकी कमी की पाणी हललं तर हललं, एखादा बुडबुडा वर आला तर आला. इथेच सगळं ठरतं. छातीचं मांस जनावराचं वजन पेलतं, त्यामुळे त्यात चिवट कोलॅजन भरपूर. त्याचं जिलेटिन व्हायला उष्णता लागते, पण त्याहून जास्त वेळ लागतो. खळखळ उकळलंत तर मांसाचे तंतू आवळतात, रस पिळून बाहेर टाकतात आणि तीन तासांनी हातात दोरखंड येतो. प्रेशर कुकरने तास-सव्वा तासात काम होतं, मी केलेलं आहे. मऊ होतं, पण कापा पडत नाहीत, भुगा होतो. भुगाच हवा असेल तर जरूर कुकर लावा.

तीन तासांनंतर लांब काटा खुपसून पाहायचा. सहज आत गेला आणि बाहेर काढताना मांस त्याच्याबरोबर उचललं गेलं नाही, तर झालं. या वेळेपर्यंत तुकडा एक तृतीयांश तरी आटलेला असतो, तेव्हा पाहुण्यांचा हिशेब कच्च्या वजनावर करू नये. मांस बाहेर काढून फॉइलखाली झाकून ठेवायचं आणि त्याच पाण्यात आधी बटाटे, गाजरं, सलगम, मग कोबी. कोबीचा देठ काढायचा नाही. देठासकट उभ्या सहा किंवा आठ फोडी केल्या की पानं एकमेकांना धरून राहतात. वीस मिनिटांनी पानांच्या कडा काचेसारख्या होतात, देठाजवळ किंचित करकरीत राहतो. मांसाची चरबी पानांच्या घड्यांत शिरलेली असते. खरं सांगायचं तर या ताटातला मला सगळ्यात आवडणारा घास मांसाचा नसून हा असतो, आणि कोबीविषयी असं काही मी लिहीन असं शाळेच्या डब्यातली कोबीची भाजी खाताना कधी वाटलं नव्हतं.

कापताना दोन गोष्टी पाहायच्या. या मांसाच्या रेषा लांब आणि स्पष्ट असतात, सुरी त्यांच्या आडवी चालवायची; रेषांच्या दिशेने कापलंत तर प्रत्येक घास दातात. दुसरं, या तुकड्यात दोन स्नायू एकावर एक बसलेले असतात, एक सपाट आणि कमी चरबीचा, दुसरा टोकाकडचा, चरबीचा, आणि दोघांच्या रेषा वेगळ्या दिशांना धावतात. मधल्या चरबीच्या थरात सुरी घालून ते आधी सुटे करायचे. आजींचा हात आता थरथरतो, तरी सुरी त्या दुसऱ्या कुणाला देत नाहीत. टोकाकडचा स्नायू स्वतःच्या ताटात, सपाट पाहुण्यांना.

त्या दिवशी आमच्याकडे मराठी मित्रमंडळीही येतात. त्यातले बहुतेक हे मांस खात नाहीत, काही तर कुठलंच नाही. कोबी-बटाटा तर खाल ना, असं विचारायची सोय नाही, कारण तो कोबी-बटाटा मांसाच्या पाण्यात शिजलेला. म्हणून दुसऱ्या शेगडीवर वेगळं पातेलं: नुसतं मीठ-पाणी, मिरे, भरपूर लोणी. ते घेऊन प्रत्येकजण सभ्यपणे खातो. शेवटी कुणीतरी धीर करून विचारतं, "थोडी मोहरी-हिंग तडतडवू का यावर?" तडतडवतात. फोडणीचा चर्र आवाज झाला की आजी तळमजल्यावरून वर येऊन डोकावतात आणि हे काय केलंत म्हणून विचारतात. त्यांना फोडणीतला हिंग कोबीच्या वासाहून वाईट वाटतो. तसं त्या तोंडावर सांगतातही.

उरलेलं मांस हे या सगळ्या खटपटीचं खरं व्याज. दुसऱ्या दिवशी सकाळी मांस आणि गार बटाटे बोटाच्या पेराएवढे चिरायचे, लोखंडी तव्यावर लोण्यात कांदा परतून त्यावर पसरायचे, उलथन्याने दाबायचे आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. ढवळायचं नाही. खालून तपकिरी पापडी धरली की तुकड्या-तुकड्याने उलटायचं, दुसरी बाजू तशीच. वर अर्धकच्चं अंडं. याला इथे हॅश म्हणतात. आमच्या घरी त्यात हिरवी मिरची, कोथिंबीर आणि सपाट चमचाभर बाटलीचा मसाला पडतो, मीठ मुळीच नाही, मांसातच भरपूर असतं. एकदा एक ताटली खाली आजींना नेऊन दिली. त्यांनी एक घास घेतला, चावला, पाणी प्यायल्या, आणखी एक घास घेतला.

"हे आयरिश नाही," म्हणाल्या.

"तुमचंही नव्हतं," मी म्हटलं.

त्यावर त्यांनी केचपची बाटली मागितली, ताटलीभर ओतून घेतलं आणि तिखट लागतंय अशी तक्रार करत सगळं संपवलं.